शोधनिबंधाचे भाग आणि संशोधनातली नीती : सीमाभागातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इथल्या एम.ए. आणि पीएच.डी. करणाऱ्यांचे प्रश्न मला बारा महिने येतात. सिनॉप्सिसची, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याची, तारीख जवळ आली की ते रात्री साडेअकरानंतर व्हॉइस मेसेजनं येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथं एकत्र केलेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच भाषेत ठेवलेत, फक्त 'सर प्लीज अर्जंट' तेवढं कापलंय. विचारणारे बहुतेक मराठी, इतिहास, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि समाजकार्याचे, म्हणून उदाहरणंही त्यातलीच आहेत.

१. शोधनिबंध आणि प्रबंध एकच का? आमच्यात सगळ्यालाच 'पेपर' म्हणतात.

एकच नाही. प्रबंध पदवीसाठी विद्यापीठाला सादर करायचा असतो आणि त्यात विषयाचा सगळा पसारा मांडता येतो. शोधनिबंध जर्नलसाठी असतो, पंधरा-वीस पानांचा, आणि त्यात एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. परिषदेत वाचलेला निबंध पुढं छापून येईलच असं नाही. प्रबंधातलं एक प्रकरण उचलून जर्नलला पाठवलं की शोधनिबंध झाला, असंही नाही (प्रश्न १७ पाहा).

२. पेपरचे भाग कोणकोणते? सगळे असायलाच पाहिजेत का?

नेहमीचा क्रम असा : शीर्षक, गोषवारा, बीजशब्द (कीवर्ड्स), प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, संशोधन पद्धती, हाती आलेली माहिती, चर्चा, निष्कर्ष, ऋणनिर्देश, संदर्भसूची. पाठ करायची गरज नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत मागच्या रांगेतून उभा राहून हिशेब विचारणारा एक खवचट सभासद असतो ना, तो डोळ्यांसमोर आणा. तो विचारणार, काय शोधत होतास? ही झाली प्रस्तावना. तुझ्याआधी कुणी शोधलं होतं का? हा आढावा. कसं शोधलंस? ही पद्धती. काय सापडलं? ही माहिती. मग त्याचा अर्थ काय? ही चर्चा. नीतीचं वेगळं प्रकरण लिहून तो गप्प बसत नाही. प्रत्येक खात्यात तो खोटेपणा हुडकतो, आणि खाली सारखं तेच येणार आहे.

कवितेवर किंवा बखरीवर लिहिताना 'संशोधन पद्धती' असा मथळा नसला तरी चालतं. पण कुठली आवृत्ती वापरली, कुठल्या कविता घेतल्या आणि बाकीच्या का सोडल्या, हे सांगावंच लागतं.

३. गोषवारा आधी लिहायचा की शेवटी?

सगळ्यात शेवटी, दीडशे ते अडीचशे शब्दांत. आधी लिहिला की तो आश्वासनांचा जाहीरनामा होतो. माझ्याकडं येणारे निम्मे गोषवारे साधारण असे असतात :

"प्रस्तुत शोधनिबंधात वडगाव येथील विणकरांच्या समस्यांचा अभ्यास करण्यात आला असून काही उपाय सुचविण्यात आले आहेत."

कुठल्या समस्या, किती विणकर, काय उपाय? 'वडगाव'च्या जागी 'इचलकरंजी' घातलं तरी वाक्य तसंच उभं राहतं. आता हे बघा, आकडे आणि निष्कर्ष उदाहरणापुरते रचलेत : "वडगाव आणि शहापुरातल्या ४० यंत्रमागधारक कुटुंबांशी बोलल्यावर असं दिसलं की पुढची पिढी धंदा सोडते ती मजुरी कमी म्हणून कमी आणि सूत उधारीवर मिळेना म्हणून जास्त." हे एक वाक्य वाचून वाचक ठरवू शकतो, पुढं वाचायचं की नाही. गोषवाऱ्याचं काम तेवढंच. पेपरात नसलेली एकही गोष्ट त्यात येता कामा नये.

४. प्रस्तावनेत बेळगावचा इतिहास किती पानं द्यावा?

बहुतेक वेळा अर्धं पानसुद्धा नको. विषय बालवाडीतल्या पोषण आहाराचा असला तरी सुरुवात गांधीजी अध्यक्ष असलेल्या १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनापासून होते, मग १९४६ चं साहित्य संमेलन येतं, मग १९५६ ची राज्यपुनर्रचना, आणि पोषण आहार चौथ्या पानावर उगवतो. जिव्हाळा समजतो, मीही इथलाच आहे. पण १९४६ च्या संमेलनाचा उल्लेख तुमच्या प्रश्नाला काही आधार देत असेल तरच ठेवा. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा प्रवास लिहिणाऱ्याला तो लागतोच, कारण ठराव तिथंच झाला. तुम्हाला लागतो का?

आणखी एक सवय सोडा. "या विषयावर आजवर कुणीही अभ्यास केलेला नाही" हे वाक्य. तुम्ही कुठं कुठं शोधलंत आणि तिथं सापडलं नाही, एवढंच तुम्ही प्रामाणिकपणे म्हणू शकता.

५. पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणजे वाचलेल्या पुस्तकांची यादी का?

यादी संदर्भसूचीत असते. आढाव्यात त्या पुस्तकांचं एकमेकांशी भांडण लावून द्यायचं असतं : कोण काय म्हणतो, कुठं जुळतं, कुठं फाटतं, आणि त्या फटीत आपला प्रश्न कसा बसतो.

आपल्याकडची खास अडचण वेगळी आहे. राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं २०१० साली. त्याआधी इथली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती, म्हणून बेळगावविषयीचे जुने प्रबंध धारवाडला आहेत. मराठी विषयाचे बरेच जण कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात गेले, त्यांचं काम तिकडं. दोन्हीकडं शोधावं लागतं. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, बरेच प्रबंध घरबसल्या मिळतात, सगळे मात्र मिळत नाहीत.

आणि कन्नडमधलं काम वगळू नका. त्याच गावावर, त्याच धंद्यावर कन्नडमध्ये प्रबंध असतो आणि आपला विद्यार्थी लिहितो की अभ्यासच झालेला नाही. कन्नड वाचता येत नसेल तर वाचणाऱ्या मित्राला सोबत घेऊन बसा, आणि त्यानं मजकूर समजावून दिला हे ऋणनिर्देशात लिहा. स्वतः वाचल्याचा आव आणू नका. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तो दोन मिनिटांत उघडा पडतो.

६. गृहीतक म्हणजे जे आपण आधीच खरं मानून चालतो ते ना?

हा घोळ मराठी शब्दाचा आहे, तुमचा नाही. 'गृहीतक' आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. एक म्हणजे खरं धरून चाललेली गोष्ट, जसं 'मुलाखत देणारे खरं बोलतात'. दुसरी म्हणजे तपासायला पुढं ठेवलेलं विधान, जसं 'घरात दोन भाषा बोलणाऱ्या मुलांना तिसरी भाषा लवकर येते'. दुसऱ्याला 'परिकल्पना' म्हणा आणि पहिल्याला 'गृहीत गोष्ट', म्हणजे गोंधळ मिटतो. परिकल्पना खोटी ठरू शकेल अशीच असावी. ती खोटी ठरली तर पेपर पडला असं नसतं, तसंच छापा. मात्र आकडे हातात आल्यावर परिकल्पना बदलायची आणि पहिल्यापासून तीच होती असं दाखवायचं, ही लबाडी आहे.

७. पद्धतीत 'सर्वेक्षण पद्धतीचा अवलंब केला' एवढं पुरतं का?

पुरत नाही. हे वाक्य म्हणजे 'स्वयंपाक पद्धतीचा अवलंब करून भाजी केली'. ही माहिती द्या : कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात, किती जणांना गाठलं, कसं निवडलं, किती जणांनी नाही म्हटलं, प्रश्न कुणी विचारले, कुठल्या भाषेत विचारले. महिना क्षुल्लक वाटतो, पण खानापूर तालुक्यात भातलावणीच्या दिवसांत दुपारी घरी कोण भेटतं? म्हातारी माणसं आणि लहान पोरं. तुमचा 'नमुना' तिथंच वाकडा झाला.

निवडीबद्दल खरं लिहा. व्हॉट्सॲपवर गुगल फॉर्म फिरवला आणि ओळखीच्या ६२ जणांनी भरला, तर तो 'यादृच्छिक नमुना' होत नाही. यादृच्छिक म्हणजे यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जायची ठरलेली संधी असणं. ओळखीच्यांना विचारलं तर 'सोयीनुसार निवडलेला नमुना' म्हणा. तो चालतो, त्यावरून अख्ख्या जिल्ह्याबद्दल बोलणं चालत नाही.

८. प्रश्नावली मराठीत काढू की कन्नडमध्ये? गाईड म्हणतात एकच ठेव.

ज्याला विचारायचं त्याच्या भाषेत. मिश्र वस्तीत काम असेल तर मराठी, कन्नड आणि कधी उर्दूही लागेल. रीत अशी : मूळ प्रश्नावली मराठीत केली, एकानं ती कन्नडमध्ये नेली, मग मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं ती कन्नडमधून परत मराठीत आणली. दोन मराठी प्रती शेजारी ठेवल्या की भाषांतर कुठं घसरलं ते दिसतं. पाच-दहा जणांवर आधी चाचणी घ्या. हे सगळं पद्धतीत लिहा.

एका शब्दावर थांबतो, कारण तो आपल्याकडं फार छळतो : मातृभाषा. पुण्यात हा साधा रकाना आहे. इथं तो विचारला की समोरचा आधी तुमच्या वहीकडं बघतो, मग तुमच्या तोंडाकडं. 'कशाला पाहिजे? कुठल्या ऑफिसातनं आलाय?' काही जण समोरच्याला बरं वाटेल ते उत्तर देतात. म्हणजे कन्नडमध्ये विचारलं की एक, मराठीत विचारलं की दुसरं. म्हणून मी तो शब्दच टाळायला सांगतो. 'घरात आईशी काय बोलता, बायकोशी काय बोलता, बाजारात काय बोलता' असं तीन तुकड्यांत विचारा. कन्नडमध्येही 'मनेमातु' म्हणजे घरची बोली, हा सोपा शब्द आहे. उत्तरं गुंतागुंतीची येतील आणि तीच खरी असतील. मुलाखत कुठल्या भाषेत झाली याचा रकाना प्रत्येक अर्जावर ठेवा. नंतर तोच सगळ्यात कामाला येतो.

९. 'निष्कर्ष' आणि 'चर्चा' यात मी नेहमी गडबड करते. परीक्षक दरवेळी तिथंच लाल शाई करतात.

इथंही शब्दच दगा देतो. मराठीत 'हाती काय आलं' यालाही निष्कर्ष म्हणतात आणि 'त्यावरून काय ठरलं' यालाही. तीन पायऱ्या वेगळ्या ठेवा. ५० पैकी ३१ बायकांनी कर्ज बचत गटातून घेतलं, ही हाती आलेली माहिती. बँकेत कागद कन्नड-इंग्रजीत असतात म्हणून त्या गटाकडं वळत असाव्यात, ही चर्चा, आणि त्यातलं 'असाव्यात' महत्त्वाचं. कर्जाच्या निर्णयात कागदाची भाषा हा विचारात घेण्याजोगा घटक आहे, हा निष्कर्ष. (आकडे पुन्हा उदाहरणाचेच.) पहिल्या पायरीत मत घुसलं आणि तिसरीत नवा आकडा आला की वडाची साल पिंपळाला लागते.

मर्यादा चर्चेच्या शेवटी लिहा आणि खऱ्या लिहा. 'वेळ आणि पैशाची मर्यादा होती' ही मर्यादा नव्हे, ती तक्रार आहे. 'पुरुष मुलाखतकारासमोर बायका सासूबद्दल बोलल्या नाहीत', ही मर्यादा.

१०. संमतीपत्रावर सही मागितली की लोक दार लावून घेतात. काय करू?

घाबरतात ते बरोबरच आहे. इथं कागदावर सही म्हणजे जमीन गेली किंवा कुठल्या तरी निवेदनात नाव गेलं, असा अनुभव घराघरांत असतो. संमतीचा अर्थ मात्र सही नव्हे. समोरच्याला कळलं पाहिजे : तुम्ही कोण, कशासाठी विचारताय, किती वेळ लागेल, माहिती कुठं छापली जाईल, त्रास काय होऊ शकतो, आणि मधेच उठून जायची मोकळीक आहे. हे त्यांच्या भाषेत, तोंडी, सावकाश सांगा. सही नको असेल तर तोंडी संमती ध्वनिमुद्रित करा, पण मुद्रण सुरू करायच्या आधी त्याचीही परवानगी घ्या. लिहिता-वाचता न येणाऱ्यांचा अंगठा घेताना तुमच्या गटातला नसलेला एक तटस्थ साक्षीदार हवा. तोंडी संमती घेणार असाल तर ते आधी गाईडला आणि नीती समितीला (एथिक्स कमिटीला) सांगून ठेवा (प्रश्न १२).

सरपंचानं 'विचारा, विचारा, आमची माणसं आहेत' म्हटलं म्हणजे संमती मिळाली नाही. ती फक्त गावात शिरायची परवानगी.

११. शाळेतल्या मुलांवर काम आहे. हेडमास्तरांचं पत्र आहे, मग झालं ना?

नाही. पत्रामुळं शाळेचं फाटक उघडतं. पालकांची संमती वेगळी लागते आणि मुलाचा होकारही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साधारण ७ ते १२ वर्षांच्या मुलांचा तोंडी होकार पालकांसमोर घ्यायचा आणि १२ ते १८ मधल्यांचा लेखी. मूल नको म्हणालं तर पालकांची सही असली तरी सोडून द्या. वर्गशिक्षकांना समोर उभं करून विचारलं तर एकही मूल नको म्हणत नाही, म्हणून त्यांना बाहेर थांबायची विनंती करा.

१२. एथिक्स कमिटी तर डॉक्टरांची असते. मराठी किंवा समाजशास्त्राला ती कशाला?

छापील कादंबऱ्या, जुनी वर्तमानपत्रं, शिलालेख यांवर काम असेल तर नको. जिवंत माणसांना त्यांच्या तब्येतीबद्दल, कर्जाबद्दल, जातीबद्दल, घरच्या मारहाणीबद्दल विचारणार असाल तर हवी, मग विषय कुठलाही असो. आरोग्याशी संबंध आला तर आयसीएमआरची तत्त्वं थेट लागू होतात. त्यांनुसार समितीत ७ ते १५ सदस्य असतात आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. तुमच्या कॉलेजात समिती नसेल तर विद्यापीठाच्या संशोधन विभागाकडं विचारा.

ही कटकट कुणी हौसेनं काढलेली नाही. अमेरिकेत टस्कीगी इथं १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या गरीब काळ्या पुरुषांना नुसतं 'पाहत' ठेवलं होतं. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही दिलं नाही, आणि त्यांना काय चाललंय ते सांगितलंही नाही.

मंजुरी माहिती गोळा करण्याआधी घ्यायची. मागची तारीख टाकून देणारा कुणी भेटलाच तर त्याच्यापासून लांब राहा (प्रश्न २१ मध्ये त्याचं काय होतं ते आहे).

१३. नाव बदललं की ओळख लपली ना?

माझी चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी निपाणी भागातल्या विडी वळणाऱ्या बायकांवर लिहिताना एका बाईंचं नाव बदललं आणि मी निर्धास्त झालो. पण लिहिलं काय, तर 'तळ्याकाठच्या घरात राहणाऱ्या, तीन मुलींच्या आई, नवरा गोव्याला कामाला'. त्या गावात अशी बाई एकच होती. विड्या मोजून घेताना छाट, म्हणजे नापास माल, म्हणून किती काढतात आणि त्याचे पैसे कसे बुडतात, हे तिनं मला सांगितलं होतं. निबंध एका स्मरणिकेत आला, स्मरणिका गावात गेली, आणि पुढं दोन महिने तिला विड्या वळायला पानं-तंबाखू, म्हणजे कामच, मिळालं नाही. माझं मात्र परिषदेत कौतुक झालं.

तेव्हापासून मी नाव सर्वात शेवटी बदलतो. आधी गाव पुसट करतो, 'निपाणी परिसरातलं एक गाव' असं. वय नेमकं न देता 'चाळिशीतल्या' म्हणतो. दोन माणसांचे तपशील एकत्र करायचे असतील तर तसं केल्याचं पद्धतीत सांगतो. मग कसोटी : त्याच गावातला माणूस हे वाचून ओळखेल का? सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेनं देवदासी झालेल्या बायकांवर काम करणाऱ्यांनी तर ही कसोटी दहा वेळा लावावी. कर्नाटकात देवदासी सोडण्याला १९८२ च्या कायद्यानं बंदी आहे, म्हणजे तुमच्या वहीतली नोंद कुणावर तरी गुन्हा ठरू शकते. अशा वह्या आणि ध्वनिमुद्रणं कुलुपात ठेवा. मित्राच्या पेनड्राइव्हवर नको.

१४. सीमाप्रश्नावर काम करतोय. आजोबा आंदोलनात तुरुंगात गेलेले. मी निःपक्षपाती कसा राहू?

घरचं नातं लपवू नका, प्रस्तावनेत दोन वाक्यांत सांगून टाका. वाचकाला कळू दे की तुम्ही कुठल्या अंगणात वाढलात. त्यामुळं पेपर हलका होत नाही. लपवलेलं नंतर कळलं तर मात्र होतो.

मग काम करताना दोन्ही बाजूंची कागदपत्रं वाचा. सीमावादासाठी केंद्रानं महाजन आयोग १९६६ साली नेमला, १९६७ साली अहवाल आला. तो मुळातून वाचा, दोन्ही बाजूंच्या पत्रकांतल्या उताऱ्यांवर विसंबू नका. १ नोव्हेंबर हा एका गल्लीत राज्योत्सव असतो आणि दुसरीत काळा दिन. दोन्ही शब्द पेपरात येऊ द्या आणि कोण कुठला वापरतो ते सांगा. महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात २००४ साली दावा दाखल केला. त्याच्या निकालाचं भाकीत करणं हे संशोधकाचं काम नाही.

बेळगाव लिहू की बेळगावी? सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी आहे. सरकारी संस्थेचं नाव ती संस्था लिहिते तसं लिहा, जुन्या कागदातला शब्द जुन्या कागदात आहे तसा ठेवा, बोलणाऱ्याच्या तोंडचा त्याच्या तोंडचा. तुमच्या स्वतःच्या वाक्यांत कुठलं रूप वापरताय आणि का, याची एक तळटीप द्या आणि मग शेवटपर्यंत तेच वापरा.

१५. लोक 'काय करूलालास' असं बोलतात. ते शुद्ध करून लिहू का?

अवतरणात नको. बोललं तसं लिहा, कठीण जाईल तिथं प्रमाण मराठीत अर्थ द्या. दुसऱ्याच्या तोंडी आपली भाषा घालणं हीसुद्धा माहितीत केलेली फेरफारच. पण प्राध्यापकाचं बोलणं आपोआप प्रमाण करायचं आणि शेतकऱ्याचं तेवढं बोलीत ठेवायचं, असंही करू नका. नियम सगळ्यांना एक.

१६. वाङ्मयचौर्य किती टक्क्यांपर्यंत चालतं?

'चालतं' हा शब्दच चुकला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसीचे) २०१८ चे नियम साम्याच्या पायऱ्या सांगतात. १० टक्क्यांपर्यंत किरकोळ, शिक्षा नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, प्रबंध सुधारून द्यायचा. ४० च्या वर ६० पर्यंत असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, नाव देऊन केलेली अवतरणं, कायद्याची कलमं हे त्यात धरत नाहीत. सर्वांना माहीत असलेल्या गोष्टींचे सलग १४ शब्दांपर्यंतचे जुळलेले तुकडेही सोडून दिले जातात.

पण सॉफ्टवेअर शब्दांचं साम्य मोजतं, चोरी ओळखत नाही. ७ टक्क्यांत अख्खा मूळ विचार चोरलेला असू शकतो. आणि मराठीत एक गंमत आहे : जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेली फाइल दिली तर यंत्राला ती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि शून्य टक्के येतात. तो शून्याचा कागद छातीला लावून आलेले विद्यार्थी मी पाहिलेत. आधी युनिकोड करा, मग तपासा.

कन्नड किंवा इंग्रजी उतारा मराठीत आणून नाव न देता वापरणं हेही चौर्यच. यंत्राला सापडत नाही, धारवाडहून आलेल्या परीक्षकाला सापडतं.

१७. माझ्याच प्रबंधातला मजकूर आहे, त्याला चोरी कसं म्हणता?

मजकूर तुमचा असला तरी तेच काम नवं म्हणून दोनदा विकणं होतं. 'हा निबंध माझ्या अमुक प्रबंधातल्या तिसऱ्या प्रकरणावर आधारलेला आहे' अशी टीप द्या आणि एका प्रश्नापुरतं नव्यानं लिहून काढा. एकच निबंध एका वेळी दोन जर्नलांकडं पाठवू नका, अगदी उत्तर यायला आठ महिने लागले तरी.

१८. गाईडचं नाव लेखक म्हणून घालायलाच पाहिजे का?

जगभरातल्या वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांनी चार अटी घातल्यात आणि इतर विषयांतही त्या उपयोगी पडतात. कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा गंभीर दुरुस्तीत वाटा, अंतिम मसुद्याला मान्यता आणि कामाची जबाबदारी घ्यायची तयारी. चारही असतील तर लेखक. प्रश्न धारदार करून देणारे, तीन मसुदे लाल करणारे गाईड या चारांत बसतात, त्यांचं नाव घाला. नुसती सही करणारे बसत नाहीत. हे त्यांना तोंडावर कसं सांगायचं, याचं सोपं उत्तर माझ्याकडं नाही. काम सुरू होतानाच 'सर, लेखकांचा क्रम कसा ठेवू या?' एवढं विचारून ठेवलं तर शेवटची कुचंबणा बरीच टळते.

प्रश्नावलीचं कन्नड करून देणारी मैत्रीण, डीटीपीवाले काका, गावात फिरवणारा पुतण्या यांची जागा ऋणनिर्देशात. पण ती मैत्रीण मुलाखतींचा अर्थ लावायलाही बसली असेल, लिहिण्यात हात घातला असेल, तर तिला लेखिका करा.

१९. अडीच हजार भरले की दोन दिवसांत छापतो म्हणतात. छापू का?

नको. दोन दिवसांत कुठलाही तज्ज्ञ तुमचा निबंध नीट वाचत नाही. एकाच अंकात रसायनशास्त्र, मराठी नाटक आणि जीएसटी, संपादक मंडळातल्या माणसांना आपलं नाव तिथं असल्याचा पत्ता नाही, आणि सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र : या खुणा ओळखा. आयएसएसएन हा नियतकालिकाला मिळणारा नुसता क्रमांक असतो, तो दर्जा सांगत नाही. दुसरीकडं, पैसे घेणारं प्रत्येक जर्नल खोटं असंही नाही. वाचकाला फुकट वाचू देणारी काही चांगली जर्नलं लेखकाकडून शुल्क घेतात. फरक परीक्षणात असतो.

यूजीसीची केअर ही मान्य जर्नलांची यादी २०२५ मध्ये बंद झाली, आता जर्नल पारखायची जबाबदारी संस्थांवर आणि तुमच्यावर आहे. २०२२ च्या पीएच.डी. नियमांनी प्रबंधाआधी पेपर छापायची देशभराची सक्तीही काढली. तुमच्या विद्यापीठानं स्वतःचा नियम ठेवलाय का, तेवढं कार्यालयात विचारा. कितीतरी जण नसलेल्या सक्तीपायी पैसे घालतात.

२०. चॅटजीपीटीनं आढावा लिहून दिला तर?

तो मुळात नसलेली मराठी पुस्तकं, प्रकाशकासकट, ठसक्यात सांगतो. संदर्भसूचीतलं प्रत्येक नाव तुम्ही हातात धरलेलं असावं, एवढा नियम पाळलात तर निम्मा धोका टळला. भाषा तपासायला वापरलं असेल तर तसं एका ओळीत लिहा. यंत्र लेखक होऊ शकत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही (प्रश्न १८ मधली चौथी अट). आणि मुलाखतींचा कच्चा मजकूर त्यात टाकू नका, तुम्ही तसं सांगून संमती घेतलेली नाही.

२१. पेपर छापून आला आणि आता तक्त्यात चूक सापडली. गप्प बसू का?

संपादकांना आजच मेल करा : कुठल्या पानावर काय चुकलं, बरोबर आकडा काय, आणि त्यानं निष्कर्ष बदलतो का. बदलत नसेल तर शुद्धिपत्र निघतं. बदलत असेल तर निबंध मागं घ्यावा लागतो, आणि स्वतःहून मागं घेणाऱ्याकडं कुणी बोट दाखवत नाही.

खोटेपणा वेगळा. १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. १२ मुलांवरचा. २०१० साली तो मागं घेतला, तेव्हा जर्नलनं नेमकं बोट ठेवलं ते दोन विधानांवर : मुलं ओळीनं आली तशी घेतली होती, आणि तपासण्यांना नीती समितीची मंजुरी होती. दोन्ही खोटी निघाली. म्हणजे नमुना कसा निवडला आणि मंजुरी घेतली का, याच त्या दोन ओळी, ज्या आपले विद्यार्थी मागच्या वर्षीच्या प्रबंधातून उतरवून घेतात.

२२. मुलाखत दिलेल्या आजी वारल्या. आता नातू म्हणतो, आजीचं बोलणं काढून टाका. संमती तर रेकॉर्ड केलेली आहे.

निबंध छापला नसेल तर थांबा आणि नातवाला भेटा, फोनवर नको. मुद्रण त्याला ऐकवा, म्हणजे आजी मोकळेपणी हो म्हणाल्या हे त्याला कळेल. पण सगळं ऐकवू नका, कारण त्यात सुनेबद्दल किंवा जमिनीबद्दल काही असेल तर आजींनी ते तुम्हाला सांगितलं होतं, त्याला नाही. बहुतेक वेळा आक्षेप अख्ख्या मुलाखतीला नसून एखाद्या वाक्याला असतो. ते वाक्य काढून किंवा ओळख आणखी पुसट करून (प्रश्न १३) मार्ग निघतो.

छापून झालं असेल तर निबंध पुसता येत नाही, पण पुढच्या लिखाणात तो उतारा वापरायचा नाही एवढं तुम्ही कबूल करू शकता, लेखी. नातू कायद्यानं वारस असेलही, पण बोलणं आजींचं होतं आणि हो म्हणणंही त्यांचंच. माझ्याकडं असा प्रसंग आला तेव्हा तो नातू चहा पिऊन शेवटी एवढंच म्हणाला, "ते आवाजाचं मला मोबाइलवर देता का?" कौटुंबिक भाग वगळून दिला.